अंतःकरणातील उलंगवाडी : आध्यात्मिक शुष्कता व तीवरील उपाय

कपाशीची शेवटची वेचणी आटोपली आणि शेतात नुसत्या पऱ्हाट्या उरल्या की वऱ्हाडात ‘उलंगवाडी झाली’ असे म्हणतात. अकोट परिसरात हा काळ व आपला प्रायश्चित्तकाळ बहुधा एकाच सुमारास येतो. माणसाच्या अंतःकरणातही अशी उलंगवाडी येते. जपमाळ हाती असते, पण मन लागत नाही. मिस्सेला जाण्याचा उत्साह राहत नाही. या अवस्थेला आपण आध्यात्मिक शुष्कता म्हणतो. शुष्कता म्हणजे श्रद्धा गमावणे नव्हे, हे आपण प्रथम ध्यानात घेतले पाहिजे.

शुष्कता आणि आळस

कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २७३१ व २७३३) या दोहोंचा वेगवेगळा विचार केला आहे. शुष्कतेत प्रार्थनेची गोडी वाटत नाही, तरीही भक्त प्रभूला धरून राहतो. आध्यात्मिक आळसात मात्र साधना सैल पडते आणि मन बेफिकीर होते.

पवित्र शास्त्रातील उदाहरण

राजे या पहिल्या ग्रंथाच्या १९व्या अध्यायात थकलेला एलिया संदेष्टा रानातील झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला रागावत नाही. तो त्याला भाकर व पाणी देतो, झोपू देतो आणि पुन्हा उठवून खाऊ घालतो. त्या बळावर एलिया चाळीस दिवस व चाळीस रात्री चालून होरेब पर्वतावर पोहोचतो. शरीराची विश्रांती हीदेखील देवाची कृपा आहे, हा बोध आपण यातून घ्यावा.

संतांचे मार्गदर्शन

संत इग्नेशिअस लोयोला यांचा ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ १५४८ साली प्रसिद्ध झाला. शुष्कतेची तीन कारणे त्यांनी सांगितली आहेत : आपली हयगय, देवाने घेतलेली कसोटी आणि सांत्वन ही आपली कमाई नसून देणगी आहे याची शिकवण. अशा काळात पूर्वी केलेला निश्चय बदलू नये. उलट प्रार्थना व आत्मपरीक्षण थोडे वाढवावे, असे ते सांगतात.

लिजूची संत तेरेजा १८९७ साली, वयाच्या २४व्या वर्षी निवर्तली. अखेरचे सुमारे दीड वर्ष तिने श्रद्धेच्या अंधारात काढले. कोलकात्याच्या संत मदर तेरेसा यांची पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांनीही अनेक दशके असा अंधार सोसल्याचे जगाला कळले. तरीही त्यांची प्रार्थना व गोरगरिबांची सेवा थांबली नाही.

आपण काय करावे?

आपला अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. वसईसारखी दाट ख्रिस्ती वस्ती आपल्याकडे नाही. घरे विखुरलेली आहेत आणि थकलेला माणूस सहज एकटा पडतो. म्हणून पुढील गोष्टी आपण पाळाव्यात.

१. प्रार्थना लहान असली तरी रोज ठरल्या वेळी करावी.

२. एकट्याने जमत नसेल तर घरच्यांसोबत किंवा शेजारच्या कुटुंबासोबत करावी.

३. धर्मगुरूंपाशी मन मोकळे करावे. प्रायश्चित्त संस्कार टाळू नये.

४. मिस्सेला न दिसणाऱ्या कुटुंबाला दोष न देता त्याच्या घरी जावे.

मात्र झोप उडणे, अन्न नकोसे होणे, जीव द्यावासा वाटणे ही निव्वळ शुष्कता नव्हे. नापिकी व कर्जाने आपल्या भागातील अनेक घरांचे आधार हिरावले आहेत. अशा वेळी विलंब न लावता डॉक्टरांना भेटावे, किंवा शासनाच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. औषधोपचार घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे.

उलंगवाडीनंतर आपला शेतकरी शेत टाकून देत नाही. नांगरट करतो, आणि कित्येकदा मृगाचा पाऊस येण्यापूर्वीच कोरड्या मातीत धूळपेरणी करतो. शुष्क काळातील आपली प्रार्थना अशीच धूळपेरणी आहे. पेरणे आपल्या हाती आहे. पाऊस प्रभू देईल.