जल-अंतःक्षेपण, डीझेल ओढ-एंजिनातील

टर्बोचार्जरने दाबलेल्या हवेत पाण्याचे सूक्ष्म तुषार सोडून ती सिलिंडरात जाण्यापूर्वी थंड करण्याच्या पद्धतीस जल-अंतःक्षेपण म्हणतात. हवा दाबली की तापते व तापल्याने ती थंड असती तर झाली असती तितकी दाट होत नाही. त्यामुळे सिलिंडरात कमी ऑक्सिजन जातो आणि झडपा व दट्ट्ये अधिक तापतात. १ कि.ग्रॅ. पाण्याची वाफ होताना सु. ५४० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते, हे या पद्धतीचे मूळ तत्त्व होय.

पूर्वेतिहास : हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्ट्यूअर्ट यांनी १८९० मध्ये एकस्व घेतलेल्या एंजिनापासून विकसित झालेल्या तप्त-कंद तेल एंजिनांपैकी काहींत, मोठ्या भारावर इंधन अकाली पेटू नये म्हणून हवेबरोबर थेंबथेंब पाणी सोडीत. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या पेट्रोल एंजिनांत पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण काही मिनिटांच्या जादा शक्तीसाठी वापरले गेले. अमेरिकेतील ट्रॅक्टर-ओढ शर्यतींत सु. १०० मी. अंतर कापावयाचे असते. तेथील टर्बोचार्जरयुक्त डीझेल एंजिनांनाही ही पद्धत सोयीची ठरली. यांपैकी लढाऊ विमाने व ट्रॅक्टर-ओढ शर्यती यांत फवाऱ्याचे काम अल्पकाळाचे असते.

रेल्वेतील निवड : भारतीय रेल्वेवर १९६२ पासून आलेल्या डब्ल्यूडीएम-२ या २,६०० अश्वशक्तीच्या एंजिनात वेगळा मार्ग निवडलेला होता. टर्बोचार्जरमधून निघालेली हवा पाण्याने थंड ठेवलेल्या नळ्यांवरून नेत. पाणी हवेत न मिसळता रेडिएटरमधून पुनःपुन्हा फिरे. पूर्ण भारावर हे एंजिन ताशी ४०० कि.ग्रॅ.हून अधिक इंधन जाळी. त्याच्या निम्मे पाणी फवारावयाचे म्हटले, तरी दहा तासांच्या अखंड ओढीस दोन टन पाणी लागले असते.

खानदेशातील संदर्भ : या प्रदेशात पाण्याच्या प्रश्नास विशेष महत्त्व होते. जळगाव–भुसावळ भागात उन्हाळ्यात तापमान ४५° से.च्या वर जाते, म्हणजे हवा थंड करण्याची गरज येथे अधिक. परंतु त्याच ऋतूत पाणी दुर्मिळ असते. शिवाय बेसाल्ट खडकातील विहिरींचे पाणी बहुधा कठीण असते. बाष्पित्रात त्याची पुटे धरत. तेच हवेत फवारल्यास क्षार हवामार्गात व झडपांवर साचले असते. वाफेच्या गाड्यांसाठी भुसावळसारख्या ठाण्यांवर पाण्याची मोठी व्यवस्था ठेवावी लागे. १९०० मध्ये सुरू झालेली चाळीसगाव–धुळे शाखा आणि जळगाव–सुरत मार्ग यांवर डीझेल एंजिने आली, तेव्हा वाटेत पाणी भरण्याच्या या खोळंब्यातून गाड्या सुटल्या. जल-अंतःक्षेपण स्वीकारले असते, तर तो लाभ काही अंशी गमवावा लागला असता. पुढे या दोन्ही मार्गांचे विद्युतीकरण झाले.

सारांश, क्षणिक जोरासाठी फवारा आणि दीर्घ ओढीसाठी बंद मंडलातील शीतलन, अशी ही विभागणी आहे. ती ठरविताना एंजिनाच्या शक्तीइतकाच कामाचा कालावधी व स्थानिक पाण्याची उपलब्धता आणि शुद्धता यांचा विचार निर्णायक ठरतो.