भाषा येते, पण प्राणी ओळखता का?

हिस्लॉप म्हटलं की नागपूरकरांना कॉलेज आठवतं. पण 1845 पासून नागपुरात राहिलेल्या मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या नावाचा एक प्राणीही आहे: हिस्लोपिया. गोड्या पाण्यात चिकटून, वसाहत करून राहणारा, अगदी बारीक. कार्टर या मुंबईतल्या लष्करी डॉक्टरांनी 1858 मध्ये इंग्रजीत त्याचं वर्णन केलं. 1880 मध्ये ज्यूल ज्युलियाँ यांनी चीन-कंबोडियातले असेच प्राणी फ्रेंचमध्ये 'नोरोडोनिया' या नव्या नावाने मांडले. पुढे दोन्ही एकाच प्रजातीतले ठरले आणि जुनं नाव टिकलं.

म्हणजे एकाच प्राण्याची माहिती अनेक भाषांत विखुरलेली. तिथे अनुवादक लागतो, पण कसा? या गटाला जपानीत 'कोकेमुशी' म्हणतात. कोके म्हणजे शेवाळ, मुशी म्हणजे किडा. नुसती भाषा येणारा फ्रेंचमध्ये 'शेवाळातला किडा' लिहून मोकळा होईल. प्राणिशास्त्र जाणणारा 'ब्रियोझोएर' लिहील, कारण हा किडा नव्हेच. गंमत म्हणजे त्या शब्दाच्या ग्रीक मुळाचा अर्थही 'शेवाळ-प्राणी'च!

चुकीच्या शब्दाने नोंद किड्यांत जाऊन पडते आणि शोधणाऱ्याला सापडत नाही. म्हणून जपानी-फ्रेंच अनुवादकाला आधी एवढंच विचारावं: कोकेमुशी म्हणजे काय?