अपवादाचे कारण : व्हर्नर, वैदिक स्वर आणि मराठी चवर्ग

जर्मानिक भाषांच्या इतिहासाचा मराठीच्या अभ्यासकास काय उपयोग, असा प्रश्न विद्यार्थी वारंवार विचारतात. त्याचे उत्तर एका अपवादाच्या इतिहासात सापडते.

मूळ प, त, क यांच्या जागी जर्मानिक भाषांत अनुक्रमे फ, थ, ह असे घर्षक वर्ण येतात, हे याकोब ग्रिम याने १८२२ मध्ये विस्ताराने दाखविले. त्यानुसार संस्कृत ‘भ्रातृ’ या शब्दाशी संवादी गॉथिक रूप ‘ब्रोथर’ असे आढळते. परंतु ‘पितृ’शी संवादी रूप मात्र ‘फथर’ नसून ‘फदर’ आहे. मूळ वर्ण एकच असता फळ भिन्न का? डॅनिश पंडित कार्ल व्हर्नर याने १८७७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या निबंधात याचा उलगडा केला. ‘भ्रातृ’ शब्दात उदात्त स्वर तकाराच्या लगतपूर्व अक्षरावर आहे, तर ‘पितृ’ शब्दात तो तकारानंतर येतो. लगतपूर्व अक्षरावर आघात नसेल तेथे घर्षक वर्ण घोष झाला. पुढे जर्मानिक भाषांत आघात शब्दाच्या आद्य अक्षरावर स्थिरावला. कारण लोपले, कार्य तेवढे उरले. ते लोपलेले कारण वैदिकांच्या पठणात व ऋग्वेदाच्या स्वरांकनात सुरक्षित राहिले होते.

१८७७ मध्येच रा. गो. भांडारकरांनी मुंबईत विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली आणि संस्कृतापासून देशी भाषांपर्यंतचा विकासक्रम मांडला. ‘ध्वनिनियमांस अपवाद नाहीत’ असे मानणाऱ्या नवव्याकरणकारांचे केंद्र लाइपझिग हे होते. तेथे अध्ययन करून आलेल्या डॉ. पां. दा. गुणे यांनी तौलनिक भाषाशास्त्रावरील आपला इंग्रजी ग्रंथ १९१८ मध्ये प्रसिद्ध केला. पुण्याच्या अभ्यासकांना ही दृष्टी परकी राहिली नाही.

आता मराठीकडे वळू. इ, ए, य यांच्यापूर्वी च, ज, झ तालव्य राहतात. अन्यत्र ते दंत्य होतात. ‘त्याचा’ व ‘त्याची’, ‘माझा’ व ‘माझी’ या जोड्या उच्चारून पाहाव्यात. परंतु ‘चाक’ दंत्य असता ‘चक्र’ तालव्य, ‘चुना’ दंत्य असता ‘चूर्ण’ तालव्य, ‘जण’ दंत्य असता ‘जन’ तालव्य, हे कसे? येथे नियम ढळलेला नाही. प्रत्येक जोडीतील पहिला शब्द प्राकृताच्या द्वारे परंपरेने आला, दुसरा संस्कृतातून पुन्हा उसना घेतला गेला. वरवर अपवाद वाटणारी ही रूपे वस्तुतः शब्दांच्या आगमनाचा इतिहास सांगतात.

तथापि सर्वच अपवाद इतक्या सुलभतेने सुटत नाहीत. ‘चार’ हा तद्भव शब्द असूनही त्याचा चकार तालव्य आहे. जुन्या कागदपत्रांत ‘च्यार’ असे लेखनही आढळते. त्यास तत्सम म्हणता येणार नाही, आणि केवळ अपवाद म्हणून सोडून देणेही उचित नव्हे. त्याच्या जुन्या रूपांचा व बोलींतील उच्चारांचा कसून मागोवा घेतला पाहिजे. व्हर्नरचा खरा धडा हाच की, अपवादांची यादी केल्याने संशोधन संपत नाही. ते तेथूनच सुरू होते.