मॅसिओ आणि मंडळी

मैफिलीत गवई गाता गाता तबलजीकडे बघून "क्या बात है" म्हणतो, कधी नावाने हाक मारून दाद देतो. आपल्याला त्यात नवीन काही नाही. पण अमेरिकेत एक साथीदार असा झाला की त्याच्या मालकाने त्याचं नाव रेकॉर्डवर पुन्हा पुन्हा पुकारलं, आणि त्या पुकारण्यानेच तो जगभर ओळखला गेला. मालक म्हणजे जेम्स ब्राउन. आणि नाव.. मॅसिओ!

गाणं ऐन रंगात आलेलं असतं, ब्राउन ओरडतो "मॅसिओ!", आणि सॅक्सोफोन सुरू होतो. ज्यांनी हे ऐकलंय त्यांना हा मॅसिओ माहीत असतो. पण त्याचं आडनाव पार्कर आहे, तो कुठला, त्याने स्वतःचं म्हणून काय केलं, हे विचारलं तर बरेच जण गप्प होतात. आज लिहायचंय ते त्याच्या १९९० सालच्या 'रूट्स रिव्हिजिटेड' या अल्बमबद्दल. हा अल्बम आला तेव्हा मॅसिओ ४७ वर्षांचा होता, आणि जेम्स ब्राउनकडे पहिल्यांदा नोकरीला लागून त्याला २६ वर्षं झाली होती.

सुरुवातीपासून सांगतो. मॅसिओचा जन्म १४ फेब्रुवारी १९४३चा, नॉर्थ कॅरोलिनातल्या किन्स्टन या गावातला. तंबाखूच्या व्यापाराचं गाव. आईवडील चर्चमध्ये गाणारे. मामाकाकांच्या पिढीचा 'ब्लू नोट्स' नावाचा बँड होता, त्यांचं बघून तीन भावांनी आपला 'ज्युनियर ब्लू नोट्स' काढला. केलिस ट्रॉम्बोन वाजवायचा, मेल्विन ड्रम्स, आणि मॅसिओ सॅक्सोफोन. पोरांचा देव होता रे चार्ल्स. यातला केलिस पुढे कायद्याकडे वळला आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कायद्याचा प्राध्यापक झाला, तिथल्या विधिशाखेतला पहिला कृष्णवर्णीय प्राध्यापक. म्हणजे घर कसलं असेल बघा!

उरलेले दोघे ग्रीन्सबरोच्या कॉलेजात शिकत होते. तिथे एका क्लबात ब्राउनने मेल्विनला ड्रम्स वाजवताना ऐकलं आणि कधीही ये, तुला नोकरी आहे, असं सांगून ठेवलं. १९६४ साली मेल्विन खरोखरच गेला, आणि जाताना भावाला बरोबर घेऊन गेला. ब्राउनला हवा होता ड्रमर. सॅक्सोफोनवाले त्याच्याकडे होतेच. त्याने मॅसिओला विचारलं की तुझ्याकडे बॅरिटोन सॅक्सोफोन आहे का, वाजवता येतो का? मॅसिओ वाजवायचा टेनर, पण त्याने छातीठोकपणे हो म्हणून सांगितलं आणि नोकरी मिळवली. म्हणजे ज्याचं नाव पुढे जगाने ऐकलं तो मुळात भावाबरोबर 'फुकट' आलेला!

१९६५च्या फेब्रुवारीत 'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग' हे गाणं रेकॉर्ड झालं, आणि त्यातला सोलो मॅसिओचा. फंक नावाचा प्रकार इथून सुरू झाला असं पुष्कळ जण मानतात. फंक म्हणजे काय हे आपल्या भाषेत सांगायचं तर समेचं राज्य. तोवरच्या त्यांच्या संगीतात चार मात्रांपैकी दुसरीवर आणि चौथीवर जोर असे, लोक टाळ्याही तिथेच वाजवत. ब्राउनने तो जोर उचलून पहिल्या मात्रेवर आणून ठेवला. ते त्याला 'द वन' म्हणतात. एकदा समेवर सगळे एकत्र आले की मधल्या जागेत ज्याने त्याने आपापलं काम करायचं. गिटारचा छोटा तुकडा, बासचा वेगळा, हॉर्नवाल्यांचे दोन-तीन टोले. सूर फार बदलत नाहीत. सगळी गंमत कोण कुठे वाजवतो आणि कुठे गप्प बसतो याची. मॅसिओचा सॅक्सोफोन ऐकलात तर कळेल, तो सुरांच्या लांबलचक वेलांट्या घेत नाही. तुटक, टोकदार, जवळजवळ ताशाच्या काडीसारखा वाजतो.

१९६७ साली 'कोल्ड स्वेट' आलं. त्याची रचना पी वी एलिस या टेनर सॅक्सोफोनवाल्याने ब्राउनबरोबर केलेली. एलिस मूळचा जॅझचा माणूस, सॉनी रोलिन्सकडे शिकलेला. या गाण्यातला हॉर्नचा तुकडा माइल्स डेव्हिसच्या 'सो व्हॉट'वरून सुचला, हे त्याने स्वतःच सांगितलंय. १९६८ मध्ये ट्रॉम्बोनवाला फ्रेड वेस्ली आला. मॅसिओ, पी वी आणि फ्रेड ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

आता या बँडची दुसरी बाजू. ब्राउन फार कडक मालक. सूर चुकला, दंड. बूट चकचकीत नाहीत, दंड. स्टेजवर नाचता नाचता तो चुकणाऱ्याकडे हाताची बोटं उघडून दाखवायचा. प्रेक्षकांना वाटायचं नाचाचाच भाग आहे, आणि वादकाला कळायचं की आपले पाच डॉलर गेले! गाणी लोकांच्या तोंडी, आणि वादक मात्र पगारी. अखेर १९७०च्या मार्चमध्ये ठिणगी पडली. पैशांवरून बँडने जाब विचारला. जॉर्जियातल्या कोलंबस गावी कार्यक्रम होता, आणि ब्राउनने वाद मिटवण्याऐवजी सिनसिनाटीहून पोरांचा एक नवा बँड आपल्या विमानाने मागवून घेतला. त्यात बासवर होता बूट्सी कॉलिन्स, वय वर्षं १८. जुने लोक बाहेर, नवे आत.

मॅसिओ, मेल्विन आणि बाकीच्यांनी मग 'मॅसिओ अँड ऑल द किंग्ज मेन' असा बँड काढला आणि त्याच वर्षी 'डूइंग देअर ओन थिंग' नावाची रेकॉर्ड केली. बँडच्या नावातच किंग आहे बघा. राजाला सोडून निघाले, पण पाटीवर राजा राहिलाच. रेकॉर्ड चांगली होती, आज जुन्या रेकॉर्ड जमवणारे ती शोधत असतात. तेव्हा मात्र ती चालली नाही. १९७३ साली मॅसिओ ब्राउनकडे परत गेला. मग १९७५च्या सुमाराला तो आणि फ्रेड वेस्ली जॉर्ज क्लिंटनच्या पार्लमेंट-फंकाडेलिकच्या गोतावळ्यात गेले. तिथे कोण भेटावं? बूट्सी कॉलिन्स! ज्या पोराने आपली खुर्ची घेतली त्याच्याच बँडमध्ये हे दोघे वाजवू लागले. १९८४ साली मॅसिओ पुन्हा ब्राउनकडे आला. दोनदा सोडलं, दोनदा परत. याला कुणी लाचारी म्हणेल. मला तसं वाटत नाही. ज्याला वीस वर्षं दुसऱ्याच्या हाकेवर सुरू व्हायची सवय लागलीय, त्याने हाकेशिवाय सुरू कसं व्हायचं, हा प्रश्न सोपा नाही.

तो प्रश्न अखेर परिस्थितीने सोडवला. १९८८च्या डिसेंबरमध्ये ब्राउनला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि तो तुरुंगात गेला (१९९१च्या फेब्रुवारीत सुटला). हाक मारणाराच आत. आणि नेमक्या त्याच काळात हिप-हॉपची पोरं ब्राउनच्या जुन्या रेकॉर्डमधले तुकडे उचलून त्यावर आपली गाणी रचत होती. १९६९ साली रेकॉर्ड झालेल्या 'फंकी ड्रमर'मधला क्लाइड स्टबलफील्डचा ठेका तर इतक्या गाण्यांत वापरला गेला की विचारू नका. 'पब्लिक एनिमी'च्या १९८९ सालच्या 'फाइट द पॉवर'मध्येही तो आहे. त्या ठेक्याचे पैसे स्टबलफील्डला मिळाले नाहीत, कारण गाण्यावर त्याचं नावच नव्हतं. ठेका त्याचा, हक्क दुसऱ्याचा. पण एवढं झालं की या जुन्या वादकांचा आवाज नव्या कानांवर पडला, आणि हे कोण वाजवतंय अशी विचारणा सुरू झाली.

आणि मग जर्मनीतल्या 'मायनर म्युझिक' या छोट्या कंपनीने मॅसिओला घेऊन अल्बम केला. अमेरिकेत तो 'व्हर्व'ने काढला, म्हणजे जॅझच्या मातब्बर कंपनीने. आता मॅसिओने काय केलं बघा. पहिल्यांदा खरी मोकळीक मिळालेली, पाटीवर फक्त आपलं नाव. एखाद्याने एकट्याची करामत दाखवली असती. याने आधी पी वी एलिसला आणि फ्रेड वेस्लीला बोलावलं! ऑर्गनवर डॉन पुलन, चार्ल्स मिंगसच्या बँडमध्ये वाजवलेला, जॅझमधला अवघड वाटेचा माणूस. गिटारवर रॉडनी जोन्स, ड्रम्सवर तरुण बिल स्ट्युअर्ट. आणि पाहुणा म्हणून.. बूट्सी कॉलिन्स. वीस वर्षांपूर्वी ज्याला विमानाने आणून यांना घरी पाठवलं होतं, तोच. मला या यादीतलं सगळ्यात बोलकं नाव हेच वाटतं. भांडण मालकाशी होतं, त्या अठरा वर्षांच्या पोराशी कधी नव्हतंच, हे या माणसाला पक्कं कळलेलं होतं.

गाण्यांची निवडही बघण्यासारखी आहे. रे चार्ल्सचं एक, मिंगसचं एक, कर्टिस मेफील्डचं 'पीपल गेट रेडी', स्लाय स्टोनचं एक, 'ओव्हर द रेनबो', आणि मॅसिओच्या स्वतःच्या रचना. जेम्स ब्राउनचं? एकही नाही. त्यात राग दिसत नाही. तो फक्त ब्राउनच्या आधीच्या घरी जाऊन आलाय, किन्स्टनच्या चर्चमध्ये आणि रे चार्ल्सच्या रेकॉर्डपाशी. 'मुळांकडे पुन्हा एकदा' असंच नाव आहे अल्बमचं. 'चिल्ड्रन्स वर्ल्ड' ही त्याची संथ रचना जरूर ऐका. एरवी तुटक बोलणारा हा माणूस तिथे सूर लांबवत जातो, घाई नाही, कुणाच्या पायांवर लक्ष नाही.

हा अल्बम अमेरिकेतल्या जॅझच्या यादीत पहिल्या क्रमांकावर कित्येक आठवडे राहिला. १९७०ला जे जमलं नाही ते १९९०ला जमलं. कारणं वर आलीच: नवे कान, युरोपातली छोटी कंपनी आणि तिथले श्रोते, मालकाची गैरहजेरी. १९९२ साली जर्मनीतल्या कोलोन शहरात 'लाइफ ऑन प्लॅनेट ग्रूव्ह' हा अल्बम प्रत्यक्ष कार्यक्रमात रेकॉर्ड झाला. तिथेही पी वी आणि फ्रेड आहेतच, शिवाय पाहुणी म्हणून कँडी डल्फर ही विशीतली डच सॅक्सोफोनवाली. आता ब्राउनच्या काळातली गाणीही परत आली. एकदा आपलं घर झालं की जुन्या मालकाची भांडी वापरायला संकोच वाटत नाही, तसं काहीसं! पुढे प्रिन्सने त्याला आपल्या बँडमध्ये घेतलं, आणि मॅसिओच्या २०००च्या अल्बममध्ये प्रिन्स पाहुणा झाला. पाहुणचाराची ही फिट्टंफाट मला आवडते.

ब्राउन २००६च्या नाताळात गेला. पी वी एलिस २०२१ साली गेला, आणि ज्याच्यामुळे नोकरी लागली तो मेल्विनही त्याच वर्षी. म्हणजे त्या रेकॉर्डवरची माणसं एकेक करून कमी होत चालली. डॉन पुलन तर १९९५ सालीच गेला होता.

सोलो म्हणजे एकट्याचं, असं आपण धरून चालतो. मॅसिओच्या अल्बममध्ये फरक इतकाच की साथीदार कोण असावेत हे त्याने ठरवलं. वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्याने हाक मारली की तो पुढे यायचा. आता त्याने हाक मारली, आणि सगळे आले. बूट्सीसुद्धा.

असो. लिहून संगीत कळत नाही. 'रूट्स रिव्हिजिटेड' मिळवा आणि रात्री जेवणं आटोपल्यावर शांतपणे ऐका. आधी मॅसिओचा सॅक्सोफोन ऐका, मग तोच अल्बम परत लावून तो थांबल्यावर बाकीचे काय करतात ते ऐका. आणि कसा वाटला ते कळवा बरं!