मिठी नदी आणि मुंबईचे नागरीकरण : एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :
२६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या अतिवृष्टीत मुंबईतील सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मि.मी. पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्यास पडलेला पाऊस मात्र सुमारे ७४ मि.मी. होता. उपनगरे जलमय झाली आणि शहरात चारशेहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. या घटनेस 'नैसर्गिक आपत्ती' असे संबोधले गेले. पाऊस निसर्गाचा होता हे खरेच; परंतु पडलेल्या पाण्यास समुद्राकडे जाण्यासाठी वाट का उरली नव्हती, या प्रश्नाचे उत्तर हवामानशास्त्रात नव्हे, तर शहराच्या इतिहासात शोधावे लागते. प्रस्तुत लेखात मिठी नदीच्या संदर्भात हा शोध घेतला आहे.

नदीचे बदललेले स्वरूप :
विहार व पवई तलावांचे सांडव्याद्वारे बाहेर पडणारे जादा पाणी घेऊन निघणारी मिठी नदी साकीनाका, कुर्ला, वांद्रे व धारावी या परिसरांतून सुमारे १८ कि.मी. वाहत माहीमच्या खाडीस मिळते. वाढत्या मुंबईस नळाचे पाणी पुरविण्यासाठी विहार तलाव १८६० मध्ये पूर्ण झाला. पुढे तुळशी आणि पवई तलावांची भर पडली. अशा रीतीने नदीचे उगमाकडील पाणी शहराच्या गरजेसाठी अडविले गेले. मुखाकडे, १८४० च्या दशकात माहीम व वांद्रे यांना जोडणारा रस्ता खाडीवर बांधण्यात आला. दळणवळण सुलभ झाले, पण खाडीचे मुख आवळले गेले. उगम आणि मुख या दोन्ही टोकांना नदीचे स्वरूप विसाव्या शतकापूर्वीच पालटले होते.

नागरीकरणाचा वेग :
स्वातंत्र्योत्तर काळात या प्रक्रियेस वेग आला. १९५० व १९५७ मध्ये उपनगरे महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाली. १९५१ मध्ये सुमारे ३० लाख असलेली बृहन्मुंबईची लोकसंख्या २००१ मध्ये १ कोटी १९ लाखांवर पोहोचली. सांताक्रूझ विमानतळाच्या विस्तारात नदीस धावपट्टीखालून वाट काढावी लागली व तिच्या प्रवाहास काटकोनी वळणे मिळाली. १९७० च्या दशकापासून वांद्रे-कुर्ला संकुलासाठी नदीकाठच्या खाजण जमिनींवर भराव घालण्यात आला. भरतीचे व पुराचे पाणी काही काळ सामावून घेणारी ही नैसर्गिक जागा होती. तिवरांची झाडी हे तिचे संरक्षक कवच होते. याच काळात लहान कारखाने, गोदामे व झोपडवस्त्या काठावर उभ्या राहिल्या. रासायनिक सांडपाणी, मैला व कचरा पात्रात येऊ लागला आणि नदी लोकव्यवहारात नाला ठरली.

अतिक्रमण कोणाचे? :
महापुरानंतरच्या चर्चेत प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि झोपड्या यांवर मोठा ठपका ठेवण्यात आला. तो सर्वस्वी निराधार नव्हता. तथापि अतिक्रमण ही संज्ञा केवळ अनधिकृत बांधकामास लावली जाते, ही बाब विचारात घेण्यासारखी आहे. शासनाच्या मंजुरीने घातलेला भराव आणि गरिबाने बांधलेले खोपटे, दोन्ही पाण्याची जागा व्यापतात. पाणी परवाना पाहत नाही. मात्र पुढे विस्थापनाची कुऱ्हाड प्रामुख्याने झोपडीवर पडली.

धोक्याची सूचना आधी मिळाली नव्हती, असेही म्हणता येत नाही. १९८५ च्या पुरानंतर पर्जन्यजलवाहिन्यांचा अभ्यास करण्यात येऊन १९९३ मध्ये अहवाल सादर झाला. ताशी २५ मि.मी. पावसासाठी आखलेल्या जुन्या व्यवस्थेची क्षमता ताशी ५० मि.मी. करावी, अशी त्यात शिफारस होती. २००५ पर्यंत तिची बहुतांश अंमलबजावणी झाली नाही.

महापुरानंतर ऑगस्ट २००५ मध्ये मिठी नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. रुंदीकरण, खोलीकरण व संरक्षक भिंती यांची कामे हाती घेण्यात आली. तरीही २९ ऑगस्ट २०१७ रोजी ३०० मि.मी. हून अधिक पावसात शहर पुन्हा ठप्प झाले. पात्र खोल करता येते, परंतु गमावलेली खाजणे त्यामुळे परत मिळत नाहीत. भिंतींमुळे तर नदी आणि तिचे पूरक्षेत्र यांतील उरलासुरला संबंधही तुटतो.

समारोप :
मिठीच्या इतिहासात एकच एक दोषी सापडत नाही. तलाव, रस्ता, विमानतळ, व्यापारी संकुल यांपैकी प्रत्येक निर्णय त्या त्या काळी लोकहिताचाच मानला गेला. कोणत्याही टप्प्यावर नदीचा संपूर्ण हिशेब मांडला गेला नाही, हे खरे अपयश होय. धारावीनजीक याच नदीच्या काठी एकेकाळच्या कचराभूमीवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले, यावरून ऱ्हासाची दिशा पालटता येते हेही दिसते. त्यासाठी नगररचनेच्या नकाशावर नदीची जागा आधी आखून उरलेल्या भूमीवर शहराचा विचार करणे अगत्याचे आहे. अन्यथा पुढील पुराचे वर्णनही 'नैसर्गिक' याच शब्दाने होत राहील.