कल्हई

पितळेच्या पातेल्यात आंबट आमटी राहिली की कळकते, हे आमच्या पिढीला सांगावे लागत नाही. दारावर कल्हईवाला यायचा. भाता मारून, नवसागर टाकून आतून कथिल फिरवायचा. कळकणारा धातू न कळकणाऱ्या धातूने झाकायचा, एवढीच ती युक्ती. तीच युक्ती दुसऱ्या महायुद्धात एका प्रचंड कारखान्यात वापरली गेली.

अमेरिकेत टेनेसी राज्यात ओक रिज येथे १९४३ साली ‘के-२५’ची उभारणी सुरू झाली. युरेनियममध्ये शंभरात एक भागही नसणारे युरेनियम-२३५ वेगळे काढायचे होते. त्यासाठी युरेनियम हेक्साफ्लोराइड हा वायू पंपांनी सच्छिद्र पडद्यांतून पुन्हा पुन्हा ढकलायचा. वायू मोठा खाष्ट. ओलावा लागला की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार! तेल आणि ग्रीसही त्याला चालत नाही.

फिरणारा दांडा जिथे पंपात शिरतो, तिथे पंप हमखास दगा देतो. पाण्याच्या पंपात तिथे पॅकिंग भरतात, थोडे ठिबकले तरी चालते. इथे वायू बाहेर येऊन चालणार नव्हता आणि दमट हवा आत जाऊनही. म्हणून नव्या धर्तीची सीले बनवली, त्यांत कोरडा नायट्रोजन राखणीला ठेवला. रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये योगायोगाने सापडलेले टेफ्लॉनही सांध्यांसाठी उपयोगी पडले. भरीव निकेल पुरले नसते, म्हणून क्रायस्लर या मोटार कंपनीने पोलादी टाक्यांना आतून निकेलचा पातळ मुलामा दिला. कल्हईच की ही! बारीकशी गळती शोधायला आल्फ्रेड निअर यांनी यंत्र केले. यंत्रसामग्रीतली हवा काढायची, बाहेरून हेलियम सोडायचा. तो आत पोचला की समजावे, तिथे फट आहे.

आज रासायनिक कारखान्यांतले पंप अशाच उपायांनी टिकतात आणि तिथल्या कामगारांचे जीव वाचतात. आमच्या सूनबाईंच्या तव्यावरही टेफ्लॉनच आहे. पण ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर पडलेल्या बाँबमधले युरेनियम तयार होताना या पंपांचाही हात लागला होता. कारखान्यातल्या बहुतेकांना आपण काय बनवतो आहोत, हे तोपर्यंत ठाऊकच नव्हते.

आमच्या कल्हईवाल्याला निदान माहीत असे, या पातेल्यात आमटीच शिजणार आहे.