सरदार सरोवर आणि ‘अतिक्रमणदार’
नर्मदेवरील सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. गुजरात शासनाच्या दृष्टीने त्यात सौराष्ट्र-कच्छचे पाणी होते. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेलीच्या दृष्टीने बुडीत. ही मते परिचितच आहेत. वादाचे मर्म मात्र एका शब्दात होते. लवादाने १९७९ साली जमीनधारक विस्थापितांस किमान २ हेक्टर जमीन देवविली. परंतु पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणारा आदिवासी सरकारदप्तरी ‘अतिक्रमणदार’, म्हणजे भूमिहीनच! ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या स्वतंत्र समितीने जून १९९२ मध्ये या वर्गीकरणावर बोट ठेवले आणि बँकेस मागे सरण्याचे सुचविले. आमच्या मते या अहवालाचे खरे मोल त्या शब्दपरीक्षेतच आहे. बँकेने कर्ज न थांबविता अटी घातल्या. मार्च १९९३ मध्ये भारतानेच उर्वरित रक्कम नाकारली. बाधितांच्या तक्रारी ऐकणारे तपासणी मंडळ बँकेने स्थापिले, तेही त्याच वर्षी.